सवडीचं वय : मराठी कादंबरीतल्या किशोरांच्या अभ्यासाची प्रस्तावना

गोपाळ नीलकंठ दांडेकर वयाच्या तेराव्या वर्षी घरातून निघून गेले. स्वातंत्र्याच्या चळवळीपायी शाळा सुटली ती सुटलीच. पुढे गाडगेमहाराजांचा सहवास, नर्मदेची परिक्रमा, वर्षानुवर्षांची भटकंती आणि अखेरीस मावळात तळेगाव दाभाड्याला बिऱ्हाड. या घर सोडण्याची आणि भटकण्याची हकीकत त्यांनी ‘स्मरणगाथा’ या आत्मचरित्रात्मक कादंबरीत सांगितली. तिला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गोनीदा म्हटलं की वाचकाला गड, घाटवाटा आणि शिवकाल आठवतो. मराठीतल्या किशोरवयीन नायकांची यादी करायला बसलेल्या माणसाला मात्र ‘स्मरणगाथा’ सहसा आठवत नाही. यादी ‘कोसला’पासून सुरू होते, ‘वनवास’वरून ‘शाळा’पर्यंत येते आणि तिथेच थांबते.

यादी चुकीची नाही. पण घर सोडून गेलेला तेरा वर्षांचा मुलगा तिच्यात का बसत नाही, हे एकदा स्वतःला विचारून पाहावं. या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाचं स्वागत मी याच प्रश्नाने करतो, कारण तो सोडवता सोडवता अर्धा विषय कळतो.

जगभरच्या वाङ्मयात वाढत्या वयाची कादंबरी हा एक मानाचा प्रकार आहे. गटेची ‘विल्हेल्म माइस्टर’ १७९५-९६ मध्ये आली आणि जर्मन समीक्षकांनी तिच्यावरून ‘बिल्डुंग्सरोमान’ नावाचं घराणंच उभं केलं. पुढे जॉइसचा स्टीफन डेडलस आला (१९१६), बिभूतिभूषणांचा अपू आला (१९२९), सॅलिंजरचा होल्डन कॉलफील्ड आला (१९५१). ढोबळ मानाने सगळ्यांची चाल एकच: मूल घराच्या उबेतून बाहेर पडतं, मोठ्यांचं जग आतून कसं आहे हे त्याला दिसतं, काहीतरी कायमचं हातचं जातं, आणि मग ते जगाशी जमवून घेतं किंवा घेत नाही. फ्रँको मोरेत्ती या इटालियन अभ्यासकाने तर म्हटलं की आधुनिक युगाने स्वतःचं प्रतीक म्हणून तारुण्य निवडलं, कारण दोघांनाही अस्वस्थपणे धावत राहायचं असतं. आपल्याकडच्या एम.ए.च्या वर्गात हाच साचा आणून ‘कोसला’वर बसवतात. परात्मता, निरागसतेचा लोप, मूल्यसंघर्ष अशी तीन उपशीर्षकं घातली की वीस गुणांचं उत्तर होतं.

साचा उपयोगी आहे, मीही वापरला आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे प्रत्येकाला किशोरवय मिळतंच. आवाज फुटणं, पाळी येणं, मिसरूड फुटणं हे सर्वांच्या वाट्याला येतं. पण कमवायचं नाही, लग्न करायचं नाही, दोन वेळचं जेवण कुणीतरी घालायचं आणि आपण मित्रांबरोबर उंडारत ‘मी कोण’ याचा विचार करत बसायचं, ही चार-सहा वर्षांची मोकळीक समाज देतो. आमच्या आजीच्या भाषेत, ही सवड आहे. महाराष्ट्रात ती सगळ्यांना एकाच वेळी मिळाली नाही. कुणाला शंभर वर्षांपूर्वी मिळाली, कुणाला काल-परवा, आणि कुणाला अजून पुरती मिळालेली नाही. मराठी कादंबरीतला कुठलाही किशोर समोर आला की त्याचं तुटलेपण मोजण्याआधी त्याला सवड किती होती ते पाहावं, एवढंच मला या प्रस्तावनेत सांगायचं आहे. बाकी सगळा त्याचा विस्तार.

हरी नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. तीत यमू नावाची मुलगी स्वतःची गोष्ट स्वतः सांगते. भावाशी लटकी भांडणं, दुर्गीसारखी मैत्रीण, वडिलांचा धाक, घरातल्या बायकांची कुजबुज. हे सगळं इतक्या बारकाईने येतं की आपण एका मुलीच्या वाढीची कादंबरी वाचतो आहोत असं वाटतं. आणि वाढ सुरू व्हायच्या आतच तिचं लग्न होऊन जातं. मुंबईच्या बिऱ्हाडातले काही दिवस सुखाचे जातात, मग वैधव्य, मग केशवपन. यमूच्या आयुष्यात मूल आणि बाई यांच्या मधलं वयच नाही. निरागसता हरवायला जो अवधी लागतो तोच तिला मिळत नाही. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना ती वाटेतच संपते. त्याच सुमारास, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीची वयोमर्यादा दहावरून बारा केली गेली. या दोन वर्षांवरून पुण्यात किती रण माजलं हे इतिहासाच्या वाचकाला ठाऊक आहे. आपट्यांची कादंबरी त्या धुमाळीच्या शेजारी ठेवून वाचली तर तिचं शीर्षक वेगळंच ऐकू येतं. पुढे १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं वय चौदा केलं. कायद्याने दिलेली सवड अशी दोन-दोन, चार-चार वर्षांनी वाढत गेली, आणि कागदावरची सवड घरात पोचायला आणखी पिढी-दोन पिढ्या गेल्या.

गोनीदांची ‘शितू’ (१९५३) याच धाग्यावरची. कोकणातली बालविधवा शितू आणि खोताचा मुलगा विसू एका घरात वाढतात. विसूला वाढायला मुभा आहे, शितूला नाही. तिच्या कपाळी जे लिहिलं गेलं ते तिला समजण्याआधीच लिहून झालेलं आहे. कादंबरीची भाषा इतकी गोड आहे की कित्येक वाचक तिला प्रेमकथा म्हणूनच मिटून ठेवतात. मला ती सवडीच्या वाटणीची कथा वाटते.

मुलग्यांकडे वळताना साने गुरुजींना ओलांडून जाता येत नाही. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, १९३५ मध्ये ती छापून आली. तीत दारिद्र्य आहे, अपमान आहे, आईचा मृत्यू आहे, पण तुटलेपण नाही. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रात्रीमागून रात्री आईच्या गोष्टी सांगतो, म्हणजे हरवलेलं सगळं त्याने सांगण्यातून परत मिळवलेलं आहे. मराठी घराघरांत वाढत्या वयाची ही एकच अधिकृत कथा बरीच वर्षं होती. मुलगा बिघडतो, आई रडते, मुलगा सुधारतो.

एक गोष्ट जाता जाता सांगायला हवी. कुमारांसाठीचं साहित्य आणि कुमारांविषयीचं साहित्य यांची गल्लत नवा अभ्यासक हमखास करतो. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या किंवा भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे यांच्यावर माझा जीव आहे. पण ते वाढत नाहीत. फेणे कितीही पुस्तकं धावला तरी त्याला मिसरूड फुटत नाही, हीच त्याची मजा. १९७१ मध्ये बालभारतीने ‘किशोर’ मासिक सुरू केलं तेव्हा या वयाला स्वतःचं वाचन हवं हे सरकारदरबारीही मान्य झालं. त्या मासिकाचे जुने अंक या विषयाला फार उपयोगी आहेत, पण साधन म्हणून. त्यात दिसतं ते मोठ्यांना हवं असलेलं किशोरवय.

आता ‘कोसला’. भालचंद्र नेमाड्यांनी ती पंचविशीत लिहिली, १९६३ मध्ये ती आली आणि मराठी कादंबरीचं वळण बदललं हे सर्वमान्य आहे. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्यात कॉलेजला येतो, वसतिगृहात राहतो, मित्र जोडतो, मेसच्या आणि संमेलनाच्या भानगडींत सापडतो, परीक्षांत आपटतो आणि शेवटी गावी परत जातो. मधे धाकटी बहीण देवीने जाते. या मृत्यूची पानं वाचून मराठीतला कुठलाही वाचक पूर्वीसारखा राहत नाही, असं मी नेहमी वर्गात म्हणतो, आणि मुलं हसतात, आणि मग ती पानं वाचून येतात.

सॅलिंजरच्या होल्डनशी पांडुरंगाची तुलना इतकी झाली आहे की ती आता सवयीने केली जाते. साम्यं खरी आहेत: सांगण्याचा तिरकस सूर, मोठ्यांच्या खोटेपणाचा तिटकारा, भावंडाचा मृत्यू. पण होल्डन न्यूयॉर्कच्या हॉटेलांत खर्च करतो ते पैसे कुठून आले याची टोचणी त्याला फारशी नसते. ‘कोसला’त मात्र पैशाचा हिशेब सतत चालू असतो. वडिलांनी पाठवलेले पैसे, मेसची बिलं, उधाऱ्या, वडिलांशी होणारी खडाजंगी. पांडुरंगाची सवड ही शेतावर काढलेल्या पिकातून विकत घेतलेली आहे आणि हे त्याला एक क्षणही विसरता येत नाही. त्याचं तुटलेपण तिथून येतं. ज्यांनी त्याला शहरात पाठवलं त्यांच्याशी बोलायची भाषा शहरात राहून उरत नाही, आणि शहरातल्यांशी बोलायची भाषा कधी पुरती येत नाही. गावाकडून पहिल्यांदा कॉलेजात गेलेल्या पिढीची ही कादंबरी आहे. होल्डनच्या शेजारी ती ठेवावी, पण होल्डनच्या चष्म्यातून वाचू नये. आणखी एक: व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला (१९५५) मास्तरही पोरसवदाच आहे, आणि त्याला सवडीऐवजी एकदम नोकरी व अख्खं गाव मिळतं. पांडुरंग आणि हा मास्तर एकमेकांना भेटले असते तर काय बोलले असते, यावर एखाद्याने निबंध लिहावा.

प्रकाश नारायण संतांचा लंपन हा माझा पक्षपात आहे, तो आधीच सांगून टाकतो. संत कराडला भूगर्भशास्त्र शिकवत. इंदिरा संत त्यांच्या आई. ‘वनवास’ १९९४ मध्ये आलं, त्यामागून ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’. म्हणायला या कथा आहेत, पण चारही पुस्तकं ओळीने वाचली की एका मुलाच्या वाढीची कादंबरी होते. लंपन आईवडील आणि बहिणींपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो. छळ कुणीच करत नाही. आजी तर जीव लावते. तरी पहिल्या पुस्तकाचं नाव ‘वनवास’ आहे. बेळगावकडच्या मराठीत कानडीचे हेल घेऊन बोलणारा हा मुलगा स्वतःला आणि जगाला ‘म्याड’ म्हणतो, मनाला येतील ते मोठमोठे आकडे सांगतो, सुमीबरोबर हिंडतो. कुणावरही त्याचा आरोप नाही. माया भरपूर असलेल्या घरातही मूल एकटं असू शकतं, ही गोष्ट मराठीत इतक्या हळुवारपणे दुसऱ्या कुणी लिहिलेली नाही. तुटलेपणासाठी खलनायक लागतोच असं समजणाऱ्या अभ्यासकाने आधी लंपन वाचावा.

मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ (२००४) सर्वांत जास्त वाचली गेली आणि, माझ्या मते, सर्वांत जास्त चुकीची वाचली गेली. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे तीन मित्र, अर्धवट बांधलेली इमारत हा त्यांचा अड्डा, शिरोडकर नावाची मुलगी आणि सल्ले देणारा नरूमामा. वाचकांनी आपापली शाळा आठवली, डोळे पुसले आणि पुस्तक मित्राला भेट दिलं. स्मरणरंजन हा या क्षेत्रातला सगळ्यात गोड धोका. कादंबरी घडते १९७५-७६ मध्ये, म्हणजे आणीबाणीत. शाळेच्या शिस्तीबाहेर देशाचीही एक शिस्त चालू आहे, मोठी माणसं दबक्या आवाजात बोलत आहेत. मुकुंदला त्यातलं अर्धं कळतं. त्याचं स्वतःचं गुपित आणि देशाचं गुपित एकाच वर्षात वाढतं आणि वर्षाच्या शेवटी दोन्हींचा निकाल लागतो. शिरोडकर गाव सोडून जाते, चौघा मित्रांच्या वाटा फुटतात. राजकारण अंगावर घेऊन येणारी शाळा मावळाला नवी नाही: विष्णु गोविंद विजापूरकरांचं समर्थ विद्यालय ही राष्ट्रीय शिक्षणाची शाळा तळेगावातच होती आणि १९१० मध्ये इंग्रज सरकारने ती बंद पाडली. तिथल्या मुलांनी त्या दिवशी दप्तरं उचलून काय केलं, यावर कादंबरी व्हायला हवी होती.

‘शाळा’च्या शेजारी नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) हा चित्रपट ठेवावा. विषय कादंबरीचा असला तरी हे पाप करावं. जब्याही वर्गातल्या मुलीवर जीव टाकतो, शालूवर. काळ्या चिमणीची राख मिळाली तर ती वश होईल असं त्याने मनाशी धरलंय. मुकुंद आणि जब्या जवळपास एका वयाचे. मुकुंदाचं प्रेम बदलीने आणि वर्ष संपल्याने तुटतं. जब्याचं प्रेम डुक्कर पकडताना साऱ्या गावासमोर आणि तिच्या नजरेसमोर तुटतं. मुकुंदला दुःख करायला संध्याकाळ आहे. जब्याला त्या क्षणी डुक्कर धरायचं आहे, कारण बाप हाका मारतोय. शेवटी तो जो दगड भिरकावतो तो थेट प्रेक्षकाकडे येतो. सवड या शब्दाने मला काय म्हणायचं आहे हे याहून स्वच्छ मला मांडता येणार नाही.

दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं. त्याला कादंबरी म्हणत नाहीत, आत्मकथन म्हणतात. पण त्याची रचना कुठल्याही कादंबरीपेक्षा धीट आहे. पुस्तकाच्या सुरुवातीला शहाणासुरता, नोकरदार, कवी म्हणून नाव झालेला दया पवार दगडू मारुती पवारला भेटतो. दोघे एकच. दगडू बोलतो, दुसरा ऐकतो. धामणगावचा महारवाडा आणि मुंबईतला कावाखाना यांच्या मधे वाढलेलं ते पोर मोठ्या माणसाला अनोळखी झालेलं आहे, आणि त्या अनोळखीपणाची लाजही मोठ्यालाच वाटते. तुटलेपणावर शेकडो पानं लिहिली गेली असतील. पण एका माणसाची दोन माणसं करून त्यांना समोरासमोर बसवायची ही युक्ती ज्याला सुचली त्याने तो विषय हाडात भोगलेला होता. ‘उपरा’, ‘अक्करमाशी’, ‘उचल्या’ ही पुस्तकं किशोरवयाच्या अभ्यासात घ्यायची की नाहीत असा वाद कधीकधी ऐकू येतो. मला तो वाद समजत नाही. ती घेतली नाहीत तर उरलेल्या पुस्तकांचा अर्थही अर्धाच लागतो.

मुलींचं काय, हा प्रश्न इथवर वाचकाच्या मनात आला असेलच. विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने १९३३ मध्ये खळबळ उडवली ती शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित तरुणींच्या मनातलं लिहिल्यामुळे, म्हणजे यमूनंतर चाळीस वर्षांनी सवडीची मर्यादा विशीपर्यंत सरकली होती. बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ आणि ऊर्मिला पवार यांचं ‘आयदान’ इथेच वाचावीत. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्ल्यू’ (२००६) पुण्यातल्या घरातल्या भावाला आणि बहिणीला एकाच पाहुण्याच्या प्रेमात पाडते आणि दोघांना आळीपाळीने बोलू देते, हेही नोंदवण्याजोगं. पण गाजलेल्या यादीतल्या कादंबऱ्या पाहा. सुमी लंपनच्या डोळ्यांनी दिसते, शिरोडकर मुकुंदच्या. शिरोडकरला त्या वर्षी काय वाटलं? तिच्या घरी काय बोललं गेलं, कोणत्या दिवशी तिने ठरवलं? चौदा वर्षांच्या मराठी मुलीने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली, ‘शाळा’च्या तोलाची आणि तितकी वाचली गेलेली कादंबरी अजून आपल्याकडे नाही. या क्षेत्रात येणाऱ्याने ही पोकळी डोळ्यांसमोर ठेवावी.

मी हे सगळं मावळात बसून लिहितो आहे, आणि इथल्या वाचकाला एक खास निमंत्रण द्यायचं आहे. गोनीदांनी मावळावर दोन कादंबऱ्या लिहिल्या ज्या प्रत्येक तळेगावकराच्या घरी असतात: ‘पवनाकाठचा धोंडी’ आणि ‘माचीवरला बुधा’. धोंडी तुंग किल्ल्याच्या परिसरातला, बुधा राजमाचीचा. धोंडी कर्ता पुरुष आहे. बुधा तर मुंबईत आयुष्य काढून म्हातारपणी माचीवर परततो, माणसांपेक्षा झाडांत आणि जनावरांत रमतो. ‘माचीवरला बुधा’ ही उलट्या दिशेने चालणारी वाढीची कादंबरी म्हणून वाचता येते: म्हातारा एकेक करून जगाचे धागे सोडत जातो आणि हरवलेली निरागसता त्याला परत मिळते. पण दोन्हींच्या केंद्रस्थानी मोठी माणसं आहेत. स्वतः तेराव्या वर्षी घर सोडलेल्या लेखकाने मावळातल्या तेरा वर्षांच्या पोराला नायक केलं नाही, हे मला नेहमी खटकत आलं आहे.

तो पोरगा होता, आणि आहे. सकाळच्या लोणावळा-पुणे लोकलमध्ये बसून पाहावं. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव अशी गाडी थांबत जाते तशी नाणे मावळ, पवन मावळ, आंदर मावळ इथली मुलं चढत जातात. त्यांतली बरीच घरून स्टेशनापर्यंत एसटीने किंवा कुणाच्या तरी दुचाकीवर डबलसीट आलेली असतात. तळेगावला निम्मा डबा रिकामा होतो. गाडीत एक भाषा, घरी एक, वर्गात तिसरी. पांडुरंग सांगवीकराला खानदेशातून पुण्याला यावं लागलं. यांचं तेवढंच अंतर रोज सकाळी काटलं जातं आणि रोज संध्याकाळी उलटं.

आणि पावसाळ्यातला लोणावळा. शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या पायऱ्यांवर पुण्या-मुंबईची कॉलेजातली मुलंमुली पाण्यात बसून ओरडत असतात. त्यांच्याच वयाचा इथला मुलगा शेगडीवर कणसं भाजतो, एका हाताने पुठ्ठ्याने निखारे फुलवतो आणि दुसऱ्याने लिंबू-मीठ चोळतो. एक मुलगी ओल्या हाताने नोट देते आणि ‘दादा, तिखट जास्त लावा’ म्हणते. तो तिच्यापेक्षा वर्षभराने लहानच असेल. त्या ‘दादा’मध्ये एक संपूर्ण प्रकरण आहे. एकाच पायरीवर दोन किशोरवयं समोरासमोर उभी आहेत. एकाची सवड दुसऱ्याचा धंदा आहे, आणि दुसरा ते नीट ओळखून आहे. त्याला ते वाईटच वाटतं असं धरून चालू नये. कमाईचा अभिमान असतो, चेष्टा असते, सोमवारी वर्गात सांगायला किस्से असतात. अभ्यासकाने त्याच्यावर आपलं दुःख लादलं की कादंबरी बिघडते आणि समीक्षाही.

याच तालुक्यात पवना धरणाखाली गावं गेली, जमिनींवर बंगले उठले, द्रुतगती मार्ग आला. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मारले गेले. त्या दिवशी नववीत असलेली मुलं आता नेमाड्यांनी ‘कोसला’ लिहिली त्या वयाच्या पुढे गेली आहेत. त्यांच्यातल्या कुणी आपली ‘शाळा’ लिहायला घेतली तर आणीबाणीच्या जागी काय येईल हे उघड आहे.

वाचनाला सुरुवात कशी करावी, याचं माझं मत थोडं हट्टी आहे. कालक्रमाने वाचू नये. आधी ‘शाळा’ आणि ‘फँड्री’, मग यमू. शंभरेक वर्षं मागे उडी मारली की मधे काय घडलं ते शोधायची भूक लागते. लंपन आणि ‘बलुतं’ एका आठवड्यात वाचावीत. ‘कोसला’ दोनदा वाचावी, आणि दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन फक्त पैशाचे उल्लेख अधोरेखित करावेत. लेखक कितव्या वर्षी लिहितो आहे आणि नायक कितव्या वर्षाचा आहे, या दोन आकड्यांतलं अंतर प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं. पंचविशीतल्या माणसाने लिहिलेलं किशोरवय आणि पन्नाशीनंतर आठवलेलं किशोरवय या वेगळ्या जाती आहेत, आणि बऱ्याच चुका त्या एक समजल्याने होतात.

छापील पुस्तकांबाहेरचं साहित्य मात्र कुणीतरी आता गोळा करायला घ्यायला हवं. शाळांचे वार्षिकांक, भिंतीवरची हस्तलिखितं, निरोपसमारंभाच्या दिवशी सह्या घेतलेल्या वह्या, वसतिगृहातून घरी लिहिलेली पत्रं. मावळातल्या शाळांच्या कपाटांत असे गठ्ठे पडून आहेत आणि दर उन्हाळ्यात रद्दीवाला एखादा उचलून नेतो. वार्षिकांक वाचताना छापलेल्या कवितांपेक्षा संपादक शिक्षकांनी खोडलेल्या ओळी अधिक बोलतात, तेव्हा हस्तलिखित प्रत मिळाली तर ती आधी मागावी. वह्यांतली मुलामुलींची नावं निबंधात देऊ नयेत. ती माणसं अजून याच गावांत राहतात, त्यांची लग्नं झाली आहेत, आणि त्यांतल्या काहींची मुलं आता त्याच शाळेत नववीत आहेत.